एकरी चार टन

भाईंदरच्या खाडीपासून उत्तनच्या टोकापर्यंतचा किनारा दोनशे वर्षं पोर्तुगीजांकडे होता. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई त्यांच्या हाती आली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी आधी धारावीचा किल्ला आणि मग वसई घेतली, तेव्हा ती गेली. या काळात इथे चर्चं उभी राहिली. चर्च आलं की मिस्सा आली, आणि मिस्सेला द्राक्षाचीच वाईन लागते, दुसरं काही चालत नाही. पोर्तुगीजांनी या देशात अननस, काजू, मिरची, पेरू असं कितीतरी आणून रुजवलं. या किनाऱ्यावर द्राक्षमळा मात्र त्यांनाही उभा करता आला नाही. पोर्तुगालची वाईन पिंपांतून, समुद्रमार्गे येत राहिली.

द्राक्षवेलीला कोरडी हवा आणि थंड रात्र लागते. मीरा-भाईंदरकडे यातलं काहीच नाही. जूनपासून चार महिने धो धो पाऊस, उरलेले आठ महिने खारी, दमट हवा. अशा हवेत पानांवर केवडा आणि भुरी ठाण मांडून बसतात. म्हणून या किनाऱ्याचं पेय ताडामाडावरून उतरलं आणि मिठागरांच्या काठाने तेच टिकलं. द्राक्षासाठी कसारा घाट चढावा लागतो.

तरीही उत्तन, डोंगरी, गोराईच्या ख्रिस्ती घरांत नाताळला घरची वाईन असते. काळी द्राक्षं नाहीतर काळ्या मनुका, साखर, यीस्ट, मूठभर गहू आणि एक मोठी बरणी. ती गोड असते, प्रेमाने केलेली असते आणि पाहुण्याला छोट्या पेल्यातून दिली जाते. तिच्यात जे नसतं तेच या लेखाचा विषय आहे. हिरड्यांना धरणारा तुरटपणा, तोंडाला पाणी आणणारा आंबटपणा, अल्कोहोलची ऊब आणि या तिन्हींना पेलणारं फळ, हे सगळं जागच्या जागी असलं की रेड वाईन बांधेसूद होते. अशी वाईन वर्षानुवर्षं टिकते, बाटलीत सुधारते, मटणाच्या रश्श्यासमोर उभी राहते. हा बांधा साखर घालून येत नाही. तो सालीतून आणि बीतून येतो, म्हणजे मळ्यातून येतो. महाराष्ट्राला तो मिळवायला फार वेळ लागला. माझ्या मते त्याचं मुख्य कारण तंत्रज्ञानाचा अभाव हे नव्हतं. जास्त माल काढणं हीच आपल्या द्राक्ष बागाईतदाराची विद्या होती, आणि बांधेसूद रेड वाईनला नेमका कमी माल लागतो.

दख्खनला द्राक्ष नवं नाही. इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादला आला, तेव्हा इथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात असं त्याने लिहून ठेवलं. ही नोंद मला फार मोलाची वाटते, कारण आपल्या द्राक्षशेतीचं सगळं वेगळेपण त्या 'दोनदा'मध्ये आहे. युरोपात बर्फाळ हिवाळ्यात वेल झोपते, वसंतात फुटते, शरदात फळ देते. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून तिला दोनदा छाटावं लागतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी खरड छाटणी, तिच्यात काडी तयार होते. पावसाळा सरता सरता गोडी बहार छाटणी, तिच्यावर माल येतो. पहिली फूट सोडून द्यायची आणि दुसरीचं फळ घ्यायचं. काढणी जानेवारी ते मार्चमध्ये. बोर्दोचा माणूस सप्टेंबरात गडी जमवत असतो, तेव्हा आपला बागाईतदार छाटणीच्या कात्र्या पाजळत असतो.

नाशिक जिल्ह्यातली आजची शेती त्या मानाने अलीकडची. ओझरचे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ च्या सुमारास तिथे द्राक्ष लावलं. तेव्हा भोकरी, फकडी, काळी साहेबी या जाती होत्या. पुढे बिनबियांचं थॉमसन आलं आणि त्याने सगळं बदललं. सांगली जिल्ह्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधून 'तास-ए-गणेश' निवडलं, सोलापूरजवळ नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी 'सोनाका'. ही शेतकऱ्यांनी, स्वतःच्या बागेत डोळे उघडे ठेवून केलेली निवड होती. १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांची महाग्रेप्स स्थापन झाली आणि आपलं द्राक्ष युरोपच्या दुकानांत जाऊ लागलं.

तिथल्या ग्राहकाला मोठा, टपोरा, एकसारखा मणी हवा असतो. १६ मिलिमीटरच्या खाली माल नाकारला जातो. म्हणून फुलोऱ्यापासून घडाघडाची सेवा होते. विरळणी करायची, जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात एकेक घड बुडवून डिपिंग करायचं, पाणी आणि खत तोलून द्यायचं. चांगला बागाईतदार एकरी दहा-बारा टन काढतो आणि गावात त्याची इज्जत त्या आकड्यावर ठरते. हे कौशल्य जगात कुठेही मिरवावं असं आहे. रेड वाईनला मात्र त्याच्या बरोबर उलटं लागतं. मणी मोठा झाला की रस वाढतो आणि त्या प्रमाणात साल कमी पडते. रंग आणि तुरटपणा तर सालीत असतो.

दुसरी अडचण सरकारी होती. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि द्राक्षापासून वाईन करावी हा विचारही बागाईतदाराला परवडणारा राहिला नाही. पुढे कायदा सैल झाला. बारामतीत बोस्का या इटालियन नावाने वाईन निघू लागली. मुंबईच्या दुकानांत मात्र रेड वाईन म्हणजे गोड पोर्ट, अशीच समजूत बराच काळ राहिली.

ऐंशीच्या दशकात खरी हालचाल सुरू झाली आणि ती बुडबुड्यांच्या वाईनपासून झाली. शामराव चौगुले यांनी नारायणगावला शॅतो इंडाज उभं केलं. शॅम्पेनमधल्या पायपर-हाइडसिक कंपनीचं तांत्रिक साहाय्य घेतलं आणि 'ओमर खय्याम' परदेशी पाठवली. त्याच सुमारास पिंपळगाव बसवंतच्या द्राक्ष उत्पादकांनी सहकारी संस्था काढून 'पिंपेन' बाजारात आणली. सहकारात साखर काढली, दूध काढलं, आता शॅम्पेनच्या पद्धतीची वाईन काढू, ही हिंमत आजही थक्क करते. संस्था पुढे कर्जात अडकली. पण वाईन आपल्या शिवारात होऊ शकते, हे निफाड-दिंडोरीच्या माणसाने पहिल्यांदा तिथेच पाहिलं.

बुडबुडेवाली आधी आणि रेड शेवटी, हा क्रम योगायोगाने आलेला नाही. फेसाळ वाईनला द्राक्ष थोडं कच्चं, आंबट असतानाच तोडायचं असतं, रस लगेच सालीपासून वेगळा करायचा असतो. तिथे थॉमसनही काही प्रमाणात चालून जातं आणि सालीचा दर्जा फारसा पाहावा लागत नाही. रेडला वेगळी जात हवी, पूर्ण पिकलेली साल हवी, बी हिरवी न राहता तपकिरी झालेली हवी. त्यासाठी वेलीवर द्राक्ष जास्त दिवस ठेवावं लागतं, आणि नाशिकला तेवढ्यात फेब्रुवारी सरतो, ऊन तापतं, फळातला आंबटपणा झपाट्याने उतरतो. साखर तयार, साल अर्धवट, आम्ल गेलेलं, अशी ती कोंडी आहे. तिच्यातून बाहेर पडण्याचा एक मोठा मार्ग म्हणजे वेलीवरचा भार कमी करणं. घड थोडे असले की ते लवकर आणि नीट पिकतात.

राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून नव्वदच्या दशकात परतले आणि गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर त्यांनी आंबा, गुलाब असं काय काय करून पाहिलं. मग सोनोमाचे वाईनमेकर केरी डॅम्स्की यांना बोलावून वाईनची द्राक्षं लावली. १९९९ मध्ये वायनरी उभी राहिली, २००० मध्ये पहिल्या बाटल्या आल्या. आईच्या, सुलभाताईंच्या नावावरून तिचं नाव 'सुला'. सुरुवात सोव्हिन्यो ब्लांक आणि शेनिन ब्लांक या पांढऱ्या जातींनी झाली. इथेही रेड मागूनच आली.

२००१ मध्ये, विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना, राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. इथल्या द्राक्षापासून केलेल्या वाईनला दहा वर्षं उत्पादन शुल्क माफ झालं. विंचूर आणि पलूसला वाईन पार्क आखले गेले. गावोगाव करार होऊ लागले, शिराझ आणि कॅबरने सोव्हिन्योची कलमं आली. पाटील, मोरे, गायकवाड अशा आडनावांचे बागाईतदार, ज्यांच्या दोन पिढ्यांनी थॉमसन पिकवलं होतं, ते वायनरीचे मालक झाले. निफाडजवळ कुंदेवाडीला यतीन पाटील यांनी इटालियन वाईनमेकर आणून 'रेव्हेलो' सुरू केली, आणि पहिल्यापासून कॅबरने आणि सिराह (म्हणजे शिराझच) यांच्या रिझर्व्ह वाईनवर भर दिला.

या काळात मळ्यात जे घडलं त्याची दखल फार कमी घेतली गेली, म्हणून ते जरा थांबून सांगतो. शिराझची गोडी छाटणी झाली की नवी फूट येते, फेलफुटी काढली जाते, डिसेंबरच्या थंडीत मणी टणक हिरवे असतात. मग एका आठवड्यात त्यांच्यात पाणी उतरू लागतं. मणी मऊ पडतात आणि घडात एकेक करून जांभळे होतात. मोठ्या वाटाण्याएवढा मणी, जाड साल, आत दोन-तीन बिया. नेमक्या याच वेळी वायनरीचा माणूस बागेत येतो आणि सांगतो, काडीला एकच घड ठेवा, मागे राहिलेले हिरवे घड कापून टाका. ओळीतून चालत गेलं की दोन्ही बाजूंना जमिनीवर घड पडलेले दिसतात, निरोगी, औषधं मारून जपलेले. ज्याने आयुष्यभर एकेका घडाला हातात धरून डिपिंग केलं त्याने ते स्वतःच्या कात्रीने तोडायचे. किलोवर पैसे मिळणार, आणि किलो मातीत टाकायचे. चांगल्या रेडसाठी एकरी चार-पाच टनांवर माल नको, हे वाक्य ऐकायला सोपं आहे. दहा-बारा टनांच्या माणसाला ते पटवणं ही या इतिहासातली सर्वांत अवघड गोष्ट होती, असं मी मानतो.

ज्यांना ते पटलं त्यांच्या द्राक्षातून वाईन बदलली. दिंडोरीच्या चढावरच्या, हलक्या मुरमाड जमिनीतली शिराझ ओकच्या पिंपात मुरवून सुलाने 'दिंडोरी रिझर्व्ह' काढली आणि बाटलीवर एका तालुक्याचं नाव ठळक छापलं गेलं. दिंडोरीचं नाव तोवर बाजार समितीच्या पावतीवर असायचं.

काढणी आता बहुतेक ठिकाणी पहाटे होते. जानेवारीत नाशिकला रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो, निफाडला तर त्याहून बराच खाली. त्या गारव्यात तोडलेलं द्राक्ष ताजं राहतं. वाईनमेकर रिफ्रॅक्टोमीटरवर साखर बघतो, पण भरवसा जिभेवर ठेवतो. मणी चावायचा, साल दाढेखाली चघळायची, बी फोडून बघायची. बी हिरवट कडू लागली तर अजून थांबायचं. मग देठ काढून साली, बिया, रस सगळं टाकीत जातं. यीस्ट कामाला लागलं की कार्बन डायऑक्साइड साली वर ढकलतो आणि टाकीच्या तोंडाशी त्यांचा जाड, गरम थर बसतो. तो कोरडा पडू द्यायचा नाही. खालचा रस पंपाने उचलून दिवसातून दोन-तीनदा वर सोडायचा, म्हणजे तो सालींमधून झिरपत रंग आणि टॅनिन घेऊन खाली येतो. आठ-दहा दिवस हे चालतं. द्राक्ष कच्चं असेल तर जितकं ढवळाल तितका कडवटपणा उतरतो. पिकलेलं असेल तर मखमली तुरटपणा. आम्ल कमी पडलं तर टार्टारिक आम्ल घालून सावरता येतं. टॅनिनचं असं सावरणं फारसं जमत नाही. पुढे वर्षभर २२५ लिटरच्या पिंपात वाईन मुरते आणि तिची धार मऊ होते.

२००८ पर्यंत सगळीकडे उत्साह होता आणि तोच बुडवायला कारण झाला. विकली जाईल त्याहून कितीतरी जास्त लागवड झाली. जागतिक मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं रिकामी पडली. टाक्या भरलेल्या आणि नवा हंगाम दारात. परदेशी वायनऱ्या विकत घेण्यापर्यंत पोचलेली इंडाज कर्जाने कोसळली आणि तिला माल घातलेल्या शेतकऱ्यांचे पैसे अडकले. विंचूरच्या पार्कातल्या कितीतरी छोट्या वायनऱ्या बंद पडल्या किंवा मोठ्यांना सुटी वाईन करून देऊ लागल्या. थॉमसनला भाव नसला तर त्याचा निदान बेदाणा होतो. शिराझचं तसं नाही. बिया, जाड साल, लहान मणी, ना तो टोपलीत खपतो ना बेदाण्याला चालतो. वायनरीने नाही म्हटलं की संपलं. शेतकऱ्यांनी त्या वेली मुळापासून उपटल्या आणि परत खायची द्राक्षं लावली. रेडचा बांधा वेलीच्या वयाबरोबर सुधारतो. ज्या वेली आज ऐन भरात आल्या असत्या त्यांतल्या पुष्कळशा तेव्हा सरपणात गेल्या. या नुकसानीचा हिशोब कुणीच मांडला नाही, याचं मला वाईट वाटतं.

याच पडत्या काळात सोलापूर जिल्ह्यात अकलूजला वेगळीच गोष्ट आकार घेत होती. अकलूज म्हणजे उसाचा मुलूख, सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटलांच्या कारखान्याचं गाव. टनावर मोजायची सवय इथे नाशिकहून पक्की. त्या घराण्यातले रणजितसिंह आणि अर्जुनसिंह मोहिते-पाटील, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, इटलीचे आंद्रेआ आणि आलेस्सियो सेच्ची अशा भावाभावांच्या तीन जोड्या एकत्र आल्या. त्यांच्या वायनरीचं नाव 'फ्रातेल्ली', म्हणजे भाऊ. सोबत टस्कनीचे वाईनमेकर पिएरो मासी. या सात जणांवरून त्यांच्या सर्वोत्तम रेडचं नाव पडलं 'सेत्ते', म्हणजे सात. कलमं फ्रान्सहून आणली, कमी पावसाच्या माळरानावर लावली. सेत्तेत दोन जाती आहेत, टस्कनीची सांजोवेझे आणि बोर्दोची कॅबरने सोव्हिन्यो.

या जोडीमागे टस्कनीचा एक धडा आहे आणि तो आपल्या गोष्टीशी थेट भिडतो. तिथल्या कियांती प्रदेशाची हद्द १७१६ मध्ये फर्मान काढून आखली गेली. साताऱ्यात शाहू महाराजांचं राज्य आणि बाळाजी विश्वनाथ पेशवे, तो हा काळ. इतका जुना, नावाजलेला प्रदेश, पण विसाव्या शतकात तोही टनांच्या मागे लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर जास्त माल देणाऱ्या वेली लावल्या गेल्या. १९६७ च्या नियमांनी तर रेड वाईनमध्ये पांढरी द्राक्षं घालणं बंधनकारक केलं. गवताने वेढलेल्या गोल बाटलीतली पातळ कियांती जगभर स्वस्तात विकली गेली. १९७१ मध्ये आंतिनोरी घराण्याने 'तिन्यानेल्लो' काढली आणि पुढच्या काही वर्षांत पांढरी द्राक्षं पूर्ण वगळून सांजोवेझेबरोबर कॅबरने घातलं. नियम मोडल्यामुळे तिला साध्या टेबल वाईनचाच दर्जा मिळाला. तिचा बांधा पाहून शेवटी नियमच बदलले. आज कियांती क्लासिकोत हेक्टरी साडेसात टनांहून जास्त माल घेता येत नाही. एकरी हिशोब केला तर तीन टन. अडीचशे वर्षांचं नाव पाठीशी असताना जे त्यांना पुन्हा शिकावं लागलं, ते अकलूजच्या माळावर पहिल्या लागवडीपासून पाळलं गेलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

नाशिकच्या वाईनला 'नाशिक व्हॅली वाईन' म्हणून भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पण एकरी किती टन घ्यावेत यावर आपल्याकडे कायद्याचं बंधन नाही. ते वायनरी आणि शेतकरी यांच्या करारात ठरतं, आणि करार टिकतो तो भावावर. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा मीरा रोडच्या चौकापासून विधानभवनापर्यंत वाद झाला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अमलात आला नाही. दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचं नाव घेतलं. एका बाजूने त्याचं भलं होईल म्हणून, दुसऱ्या बाजूने त्याच्या नावाखाली दारू खपवू नका म्हणून. चार टनांना दहा टनांच्या जवळ जाणारा पैसा कसा मिळेल, हे त्या साऱ्या गदारोळात कुणी विचारलं नाही. काही वायनऱ्या आता नुसत्या वजनावर पैसे न देता साखर, सालीची पिकावट आणि घडांची मर्यादा पाहून जास्त दर देतात. जिथे असा दर आहे तिथे डिसेंबरात हिरवे घड खाली पडतात. जिथे नाही, तिथे शेतकरी ते वेलीवरच ठेवतो, आणि त्याला दोष देता येत नाही.